बंड्याची करंगळी

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीत रुखमाबाईला ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत. पण तिच्या हाताखालून गेलेली आणि तरीही तिला न ओळखणारी माणसं त्याहून जास्त आहेत. तिथल्या एका शिशुविहारात ती जन्मभर मदतनीस होती. गाणी म्हणायला, चित्रं रंगवायला बाई होत्या, त्यांना वर्षाच्या शेवटी नारळ आणि फुलं मिळायची. रुखमाबाईचं काम जरा ओलं होतं. आईचा पदर सुटून पहिल्यांदाच परक्या सतरंजीवर बसलेलं पोर केव्हा चुळबुळतं, केव्हा गुडघे जुळवतं, खेळता खेळता केव्हा एकदम गप्प होतं, हे तिनं पाहायचं आणि त्याला वेळेत उचलून मोरीवर न्यायचं. न्यायला उशीर झाला तर चड्डी धुवायची. आणि हे सगळं करता करता त्याला एक गोष्ट शिकवायची, ती म्हणजे करंगळी. लागली की करंगळी वर करायची, लाजायचं नाही, रडायचं नाही. अआइई नंतर, आधी करंगळी, असं ती बाईंनाही सुनावायची.

या कामाचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? कोणत्याच पोरावर तिनं त्यासाठी हात उचलला नाही. एकदा एका नवीन बाईंनी सतरंजी भिजवलेल्या पोराला थोबाडीत दिली, तेव्हा रुखमाबाई त्यांच्याशी अशी भांडली की बाई दुसऱ्या दिवशी रजेवर गेल्या. लेकरू सांगते, आपण पाहत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण माणसाला ज्या वयातलं काहीच आठवत नाही, नेमक्या त्याच वयाची ती मास्तरीण. चौकातल्या औषधाच्या दुकानात बसणारा टक्कल पडलेला माणूस तिला कानामागच्या तिळावरून ओळखू येतो. लहानपणी सतरंजीच्या एकाच कोपऱ्यावर त्याचा फार जीव होता, रोज तोच भिजायचा. तो मात्र तिला "मावशी, जरा बाजूनं उभ्या राहा" म्हणतो. ती बाजूला उभी राहते आणि मनात हसते.

नवरा, नानाजी, बरेच आधी गेले. मुलगा अमोल शिकला, एका विमा कंपनीत लागला, कामिनीशी लग्न झालं आणि दोघांनी मनीषनगरात फ्लॅट घेतला. रुखमाबाईनं सक्करदऱ्याच्या दोन खोल्या आणि मागचं सीताफळाचं झाड असलेलं अंगण सोडलं नाही. सोडा असं कोणी फार म्हटलंही नाही. नात झाली, भूमिका, तेव्हा कामिनीची रजा संपली आणि तान्ही पोर आजीकडे आली. मागच्या अंगणात दोरीवर पुन्हा दुपटी वाळायला लागली. भूमिका चालायला शिकली ती तिथे, बोलायला शिकली ती तिथे, आणि करंगळी दाखवायला शिकली तीही तिथेच. मग शाळेची वेळ झाली, मनीषनगरची शाळा चांगली होती, आणि अमोल-कामिनी येऊन तिला घेऊन गेले. रुखमाबाईला तेव्हा त्यात वावगं वाटलं नव्हतं. लेकरू आईबापाचंच असतं. तिनं स्वतःच कपड्यांची पिशवी भरून दिली होती आणि दार लावून मग रडली होती.

त्यानंतर मुलगा-सून सणावाराला यायची. कधी सणही चुकायचा. कामं असतात, शहर मोठं झालंय, एवढं तिलाही समजत होतं.

असं असताना यंदा संक्रांत होऊन गेली आणि एका रविवारी अमोल दारात उभा राहिला, तो हातात पुठ्ठ्याचा खोका घेऊन. खोक्याला भोकं पाडली होती. आत लोण्याच्या रंगाचं, कान लोंबणारं, महागाच्या जातीचं पिल्लू होतं आणि त्यानं खोक्यातच कार्यक्रम उरकला होता. रुखमाबाईनं नाकाला पदर लावला. हे काय, म्हणून विचारलं.

"तुझ्यासाठी आणलं आई," अमोल म्हणाला. "एकटी राहतं तू. आमचा जीव तिकडे लागून राहते. सोबत होईल तुले."

ती नाहीच म्हणाली. या वयात आपल्याच्यानं होत नाही, कुत्रं म्हणजे घरभर घाण, देवघरात शिरलं तर काय करायचं, अशी सगळी कारणं तिनं सांगितली. अमोल ऐकेना. कामिनी म्हणाली, आई, तुम्हाला वेळ घालवायला बरं पडेल. भूमिका तर पिल्लाला पोटाशी धरूनच बसली होती आणि त्याला ऑस्कर, ऑस्कर म्हणत होती. नाव इतक्या लवकर कसं ठरलं, हे रुखमाबाईच्या मनात आलं नाही. तिच्या मनात दुसरंच घोळत होतं. आमचा जीव लागून राहते, हे वाक्य तिनं मुलाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्या वाक्यापायी तिनं पिल्लू ठेवून घेतलं.

ऑस्कर हे नाव तिच्या तोंडात बसेना. तिनं त्याला बंड्या म्हटलं, आणि तो लगेच ओ द्यायला लागला.

आता लोक याला ट्रेनिंग म्हणतात आणि मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पाहतात. रुखमाबाईनं कसला व्हिडिओ पाहिला नाही. तिनं बंड्याला पाहिलं. दूध पिऊन झालं की थोड्या वेळानं त्याला लागते, झोपेतून उठला की लागते, खेळून दमला की लागते. लेकरांचं तरी दुसरं काय असतं! लागण्याआधी तो फरशी हुंगत गोल गोल फिरायचा. फिरायला लागला की ती हातातलं काम टाकून त्याला उचलायची, मागच्या दारानं सीताफळाखाली नेऊन ठेवायची आणि तोंडानं "शूऽऽ" असा आवाज काढायची. भूमिकेला काढायची, त्याआधी अमोलला काढायची, अगदी तसाच. बंड्या आधी तिच्याकडे बघत बसायचा. मग त्याला उमगलं. झालं की ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि शहाणा गं माझा बाळ, म्हणायची. शेजारच्या यमुताई भिंतीवरून हे पाहून म्हणायच्या की रुखमाला पुन्हा बाळंतपण आलं.

चुका व्हायच्याच. कधी स्वयंपाकघरात, कधी नानाजींच्या फोटोखाली. नाक घासा त्याचं त्यात, दोन फटके द्या, असा सल्ला गल्लीतल्या प्रत्येकाकडे तयार होता. रुखमाबाई ऐकून घ्यायची आणि फरशी धुवायची. नुसती पुसायची नाही, खायचा सोडा टाकून घासायची. वास राहिला तर तो पुन्हा तिथेच जाईल, हे तिला शिशुविहारातल्या सतरंज्यांनी शिकवलं होतं. ओरडायची मात्र नाही. ओरडलं की पोर लपून करायला शिकते, सांगायला शिकत नाही.

आणि मग ती दुपार आली. रुखमाबाई मागचं दार लावून पाटावर बसली होती, अंबाडीची पानं खुडत. बंड्या येऊन समोर बसला. त्यानं उजवा पंजा तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाराकडे पाहिलं. तिनं त्याला खेळ समजून बाजूला केलं. त्यानं पुन्हा पंजा ठेवला, पुन्हा दाराकडे पाहिलं. रुखमाबाईच्या हातातली अंबाडी तशीच राहिली. तिनं उठून दार उघडलं, आणि बंड्या सरळ सीताफळाखाली गेला.

तिला इतका आनंद झाला की तिनं भिंतीवरून यमुताईंना हाक मारली. "यमुताई वं, यानं करंगळी दाखवली," असं तिनं सांगितलं, आणि यमुताई कितीतरी वेळ हसत होत्या. पण त्या दिवसापासून तेच ठरलं. बंड्याला लागली की तो समोर येऊन बसायचा, उजवा पंजा हवेत धरायचा आणि दार उघडेपर्यंत खाली ठेवायचा नाही. रुखमाबाई झोपलेली असली तर खाटेच्या काठावर पंजा टेकायचा. जन्मभर पोरांना शिकवलं, त्यातलं कोणी इतकं मन लावून शिकलं नाही, असं तिला वाटायचं. बंड्या आपला आहे, ही गोष्ट तिच्या अंगवळणी पडली होती. बाजारातून आली की ती बाहेरूनच त्याच्याशी बोलायला लागायची.

या सगळ्यात आणखी एक सुख झालं होतं. मुलगा-सून दर रविवारी यायला लागली. फोनही यायचे. अमोल विचारायचा, कसा आहे, शिकला का? अजून घरात करते का? आईचं गुडघेदुखीचं औषध संपलं का, हे त्यानं कधी विचारलं नाही, पण रुखमाबाईला ते खटकलं नाही. पोरगा बोलतोय एवढंच पुरे होतं. ती फोनवर सविस्तर सांगायला घ्यायची की तो कसा येऊन बसतो, कसा पंजा वर धरतो. अमोल हो हो म्हणत दुसऱ्या कोणाशी तरी बोलायचा. रविवारी सगळी आली की दोन्ही दारं सताड उघडी असायची, भूमिका आणि बंड्या अंगणात धावायचे, आणि उघड्या दाराला करंगळी कशाला लागते? त्यामुळे बंड्याची ती हुशारी त्यांच्यापैकी कोणीच डोळ्यांनी पाहिली नाही.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. त्या रविवारी अमोलच्या हातात लाल पट्टा होता आणि कामिनीच्या हातात कुत्र्याची गादी, दुकानातून आणलेली, कोरी करकरीत. बंड्याला गोणपाटाची सवय आहे, असं रुखमाबाई म्हणणार होती. तेवढ्यात अमोलनंच विषय काढला. उन्हाळा येऊन राहिला, या जातीला गर्मी सहन होत नाही, तुझ्याकडे एकच कूलर, आमच्याकडे एसी आहे, तर म्हटलं घेऊन जावं. तो हे सगळं कूलरकडे पाहत बोलला.

उन्हाळ्यापुरतं ना, असं तिनं विचारलं. अमोल हो म्हणणारच होता, पण भूमिका मध्येच बोलली. तिचा काही दोष नव्हता. पोरं जे ऐकतात ते बोलतात.

"नाही आजी, नेहमीसाठी. पप्पांनी प्रॉमिस केलं होतं, ऑस्कर शू-शी शिकला की आपल्या घरी आणू म्हणून."

कामिनी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. अमोलनं पोरीकडे डोळे वटारले. रुखमाबाई खाटेवर बसली. तिला एकदम सगळे रविवार आठवले, सगळे फोन आठवले. शिकला का, शिकला का. आमचा जीव लागून राहते. ते वाक्यही यांनी घरून ठरवून आणलं असेल का, घरी कोण म्हणालं असेल की हे म्हण म्हणजे आई ऐकेल, हे तिला कळेना. आणि मग तिला आणखी मागचं आठवलं, भूमिकेची पिशवी भरून दिली तो दिवस. तेव्हाही पोर कोरडी झाली आणि लगेच शाळेची वेळ झाली होती.

"तं मग माझ्यासाठी आणला, असं काहून म्हटलं गा?" तिनं विचारलं.

"असं नसतं म्हटलं तं तू ठेवला असता का?" अमोल म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की हे उत्तर आहे.

सांगून पाहायचं होतं, असं तिच्या ओठांवर आलं. बाबा रे, पोरीला कुत्रं पाहिजे, आमच्या फरशीवर घाण नको, तू महिना दोन महिने सांभाळ, असं सरळ म्हटलं असतं तर तिनं हसत केलं असतं. दुसरं केलं काय होतं तिनं जन्मभर! पण ती खाटेवरून उठली. तिनं बंड्याची वाटी धुऊन पुसून पिशवीत घातली. पट्टा बांधताना बंड्या शेपटी हलवत होता, कुठेतरी फिरायला जायचं म्हणून. गाडीचं दार लावायच्या आधी तिनं अमोलला एवढंच सांगितलं, "तो सांगते. फक्त पाहत जाजो." अमोल हो हो म्हणाला. कसं सांगतो, हे त्यानं विचारलं नाही.

नंतरचे दिवस तिनं कसे काढले ते यमुताईंनी पाहिलं. भाजी निवडायला बसली की मध्येच उठून मागचं दार उघडायची आणि मग तशीच उभी राहायची. रविवारी कोणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. फोनही थांबले. आता कशाला कोणी फोन करेल, असं ती यमुताईंना म्हणाली, आणि तेवढं म्हणताना तिचं तोंड कडू झालं होतं. यमुताई म्हणाल्या, जाऊ दे वं, पोटचंच पोरगं आहे. पोटचं आहे म्हणून तं लागलं, असं रुखमाबाईनं उत्तर दिलं. परक्यानं फसवलं असतं तर तिनं शिव्या घातल्या असत्या आणि जेवली असती.

मग अचानक एक दिवस फोन आला. अमोल वैतागला होता. कुत्रं घरभर करून राहिलं, सोफा गेला, पोरीच्या खोलीतला गालिचा गेला, कामिनी रोज कटकट करते, तू तं म्हटलं होतं शिकला. एकदा येऊन पाहून जा.

ती गेली. मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हाच बंड्या आतून रडायला लागला होता. आत शिरल्यावर त्यानं तिच्या पायात लोळण घेतली, तिचा पदर ओढला, तिच्याभोवती धावून धावून घसरला. रुखमाबाई त्या चकचकीत फरशीवर मांडी घालून बसली आणि तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. काही वेळ तिला राग आठवला नाही.

संध्याकाळी चहा झाला. अमोल सोफ्यावर बसला होता. बंड्या त्याच्यासमोर येऊन नीट बसला, त्यानं उजवा पंजा वर केला आणि दाराकडे पाहिलं.

"हे मात्र तू मस्त शिकवलं आई," अमोल म्हणाला, आणि त्यानं तो पंजा हातात घेऊन हलवला. "शेक हँड!" भूमिकेनं टाळ्या वाजवल्या. अमोलनं डब्यातलं बिस्किट काढून बंड्याच्या तोंडात घातलं. बंड्यानं ते खाल्लं, दारापर्यंत गेला, परत आला, आणि या वेळी त्यानं कामिनीसमोर पंजा धरला. कामिनीनंही हात मिळवला, दुसरं बिस्किट दिलं. थोड्या वेळानं तो सोफ्यामागे गेला. मग कामिनी ओरडली आणि वर्तमानपत्राची सुरळी घेऊन धावली.

रुखमाबाईला सगळं लख्ख दिसलं. तो बिचारा सांगत होता, रोज सांगत होता, घरातल्या प्रत्येकाला सांगत होता, आणि ही शहाणी माणसं त्याच्या करंगळीशी हात मिळवत होती. तिनं सांगायला तोंड उघडलं. शपथ घ्यावी लागली तरी हे खरं आहे, तिनं तोंड उघडलं होतं. पण अमोल आधी बोलला.

"खरं सांग आई, मुद्दाम अर्धवट शिकवलं ना तू? आम्ही कंटाळून परत तुझ्याकडेच आणून सोडावा म्हणून?"

तो हे अर्धं हसत म्हणाला, पण अर्धंच. कामिनी फरशी पुसताना थांबली आणि तिनं सासूकडे पाहिलं. म्हणजे या दोघांचं यावर बोलणं झालेलं होतं.

हा विचार रुखमाबाईच्या डोक्याला कधी शिवला नव्हता. पोटच्या पोरानं तो आणून तिच्या ओंजळीत ठेवला. जन्मात एकही लेकरू तिनं अर्धवट शिकवून सोडलं नव्हतं, आणि यांनी फसवायचं तिला, वर फसवण्याचा आरोपही तिच्यावरच? तिचं तोंड मिटलं. तुम्हीच म्हणता ना परत आणून सोडावा लागेल, तर सोडा, असं तिनं मनात म्हटलं, आणि त्या क्षणी तिला त्यात गोडीही वाटली. ती एवढंच बोलली की मले काय माहीत बाबा, माझ्याकडे तं करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात धावपळ होती. कामिनी डबे भरत होती, भूमिका बूट घालत होती, अमोल आंघोळीला गेला होता. रुखमाबाई हॉलमधल्या दिवाणावर बसली होती. बंड्या तिच्यासमोर आला आणि बसला. त्यानं उजवा पंजा वर धरला. कालच्यासारखा इकडे तिकडे गेला नाही. आज त्याला खात्री होती. समोर ती होती. तो दाराकडे पाही, मग तिच्याकडे पाही. पंजा थरथरायला लागला तरी त्यानं खाली ठेवला नाही.

दार पाचसात पावलांवर होतं. रुखमाबाईनं मान फिरवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीत कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. ती ते पाहत राहिली. मागे बंड्या एकदा बारीक कुंकूं करून गप्प झाला, मग फरशीवर आवाज आला, आणि भूमिका ओरडली की माझी शाळेची बॅग भिजली.

"बस्स," कामिनी म्हणाली. "हे कुत्रं आता या घरात राहणार नाही."

अमोलनं आईला ऑटोत बसवून दिलं. वाटेत रुखमाबाईला दोन गोष्टी वाटत होत्या आणि दोन्ही एकमेकींत मिसळत नव्हत्या. बंड्या येणार होता. आणि बंड्याचा पंजा तिच्या पाठीमागे अजून तसाच वर होता. तिनं स्वतःला समजावलं की तो आला की मी त्याची भरपाई करीन. घरी येऊन तिनं गोणपाट धुऊन वाळत घातलं. दूधवाल्याला जास्तीचं दूध सांगितलं. सीताफळाखालची जागा झाडून काढली. यमुताईंना म्हणाली, येऊन राहिला माझा बंड्या.

दोनचार दिवस वाट पाहून तिनं स्वतःच फोन लावला. केव्हा आणता, असं विचारलं. अमोल म्हणाला, अगं, त्याचं तर झालं. कामिनीचा भाऊ धर्मेंद्र कोराडीला असतो ना, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये, त्याच्याकडे देऊन टाकलं. बाहेर मोकळी जागा आहे, बाहेरच राहील, घाणीचा प्रश्नच नाही. रुखमाबाईनं विचारलं, मले काहून नाही दिला?

"तुले कायले त्रास आई," अमोल म्हणाला. "तुले तं सुरुवातीपासूनच नको होता."

तिनं फोन ठेवला. गोणपाट दोरीवर वाळून कडक झालं होतं. ते तिनं बरेच दिवस काढलं नाही.

शेवटी तिला राहवलं नाही. एका सकाळी ती कोराडीची बस धरून गेली. कॉलनीत उतरल्यावर विचारत विचारत धर्मेंद्रचं क्वार्टर सापडलं. फाटकाजवळच्या पेरूला साखळीनं बांधलेलं एक कुत्रं तिला दिसलं आणि तिनं ते आधी ओळखलंच नाही. अंगावर वीज केंद्राची राख बसून ते करडं झालं होतं. त्यानं मात्र तिला फाटकाबाहेरच ओळखलं. साखळी ताणून ते मागच्या पायांवर उभं राहिलं, आणि मग रुखमाबाईनं त्याला पोटाशी धरलं, लुगडं राखेनं भरलं तरी.

धर्मेंद्र भला माणूस, त्यानं खुर्ची आणून दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. रुखमाबाई आडून आडून विचारू लागली की तुमच्याकडे लहान लेकरं आहेत, याचा त्रास होत असेल, तर मी नेते, माझ्याकडे सवय आहे त्याला. धर्मेंद्रला संकोच वाटला. त्यानं कपातला चहा ढवळला.

"तसं नाही मावशी. पण अमोलभाऊंनी सांगून ठेवलं आहे, तुमच्याकडे देऊ नको म्हणून. म्हणत होते, आईच्यानं काही त्याले शिकवणं झालं नाही, आता वय झालं तिचं, उगाच तिच्या घरात घाण कायले."

रुखमाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिच्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. झालं होतं, पूर्ण शिकला होता तो, तुमच्या अमोलभाऊंना समजलं नाही, असं सगळं तिच्या गळ्याशी आलं. पण त्याच्यापुढचा प्रश्न तिला आधीच ऐकू आला. मग तुम्ही तिथे होत्या तेव्हा सांगितलं काहून नाही?

"हो," ती म्हणाली. "नाही झालं माझ्याच्यानं."

धर्मेंद्र आत गेला. ती खुर्चीवरून उठून बंड्यापुढे ओट्यावर बसली. बंड्याही बसला, तिच्याकडे पाहत. मग त्यानं उजवा पंजा वर केला. रुखमाबाईला वाटलं, याला आठवते, इथे उघडायला दार नाही, पाहायला कोणी नाही, तरी याला आठवते. तिनं घाईघाईनं साखळी सोडली, त्याला कुंपणाच्या कडेला गवताजवळ नेलं आणि तोंडानं "शूऽऽ" आवाज काढला. बंड्या तिथे उभा राहिला. त्यानं गवत हुंगलं नाही की पाय उचलला नाही. तो वळून पुन्हा तिच्यासमोर बसला आणि पंजा वर धरून वाट पाहू लागला. दाराकडे, फाटकाकडे त्यानं पाहिलंच नाही. तो तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहत होता.

"सगळ्यांनाच करते ते मावशी," धर्मेंद्रची बायको दारातून हसत म्हणाली. "बिस्किट मागते."

रुखमाबाईनं खांद्यावरची पिशवी चाचपली. बंड्याचा पंजा थरथरायला लागला होता.

"आहे का वं एखादं?" तिनं विचारलं.

बायकोनं आतून बिस्किट आणून तिच्या हातावर ठेवलं. रुखमाबाईनं ते बंड्याच्या तोंडात घातलं, आणि त्यानं पंजा खाली ठेवला.